मोजणी, नोंद आणि आलेख : मुंबईच्या प्राथमिक शिक्षणातील एका उपेक्षित अंगाचा इतिहास

१

लहान मुलांना गणित शिकविणे म्हणजे त्यांना आकडेमोड शिकविणे, ही समजूत महाराष्ट्रात फार जुनी आहे. ज्या आकड्यांची मोड करावयाची ते आकडे मुळात येतात कोठून, ते कोणी गोळा केले, कोणत्या हेतूने केले आणि गोळा करताना काय वगळले, हे प्रश्न मात्र प्राथमिक शाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहत आले. मुलाने स्वतः काहीतरी मोजावे, मोजलेले टिपून ठेवावे, टिपलेले कोष्टकात मांडावे आणि कोष्टकावरून साधा आलेख काढावा, ह्या चार पायऱ्यांना आज प्राथमिक गणिताच्या अभ्यासक्रमात मान्यता आहे. तथापि ही मान्यता अगदी अलीकडची असून तिच्यामागे दीड शतकाहून अधिक काळाचा एक विस्कळीत इतिहास आहे.

ह्या इतिहासाचा अभ्यास मुंबईच्या, विशेषतः गिरगाव ते परळ ह्या पट्ट्याच्या, संदर्भात करण्यास सबळ कारण आहे. पश्चिम हिंदुस्थानात आकडेवारी गोळा करण्याचे काम जितक्या लवकर आणि जितक्या दाटपणे ह्या शहरात झाले तितके अन्यत्र क्वचितच झाले असेल. पावसाची नोंद, शिरगणती, मृत्यूंची नोंद, गिरणीकामगारांच्या खर्चाच्या चौकश्या ह्या सर्वांची परंपरा येथे आहे. शाळाही येथेच लवकर निघाल्या. असे असूनही मोजणीची ही विद्या शेजारच्याच प्राथमिक वर्गात शिरण्यास एवढा विलंब का लागला? प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, ह्या विलंबाचे कारण साधनांच्या अभावात नव्हते. शहरातील माणसांची ‘मोजणारे’ आणि ‘मोजले जाणारे’ अशी जी विभागणी झाली होती, तिच्यात चाळीतील मूल दुसऱ्या गटात गृहीत धरले गेले, हे त्याचे खरे कारण होय.

२

पंतोजींच्या शाळेतील गणित दुबळे होते, असे समजणे अन्यायाचे ठरेल. धुळपाटीवर अंक गिरविण्यापासून सुरुवात करून मूल पाढ्यांकडे जाई आणि पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांत पारंगत होई. रोजच्या उजळणीने ही विद्या जिभेवर बसे आणि बाजारातील व्यवहार कागदाशिवाय उलगडता येई. परंतु तिचे प्रयोजन ठरलेले होते. पेढीवरची वही आणि कुलकर्ण्याचे दप्तर ह्या दोन ठिकाणी ती उपयोगी पडावयाची होती. वहीत येणारा आकडा व्यवहारातून आपोआप येतो. तो शोधावा लागत नाही, आणि तो खरा की खोटा हा प्रश्न हिशेबाचा नसून सचोटीचा असतो. सारांश, ह्या शिक्षणात आकडा हा दिलेला होता. मुलाचे काम त्याच्यापासून पुढे सुरू होई.

एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या आश्रयाने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांनी शास्त्र्यांच्या साहाय्याने गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली. त्यांमुळे पद्धतशीर मांडणी आली, परिभाषा घडली आणि पाश्चात्त्य पद्धतीची उदाहरणे मराठीत आली. ह्या एका बाबतीत मात्र जुने आणि नवे शिक्षण परस्परांस पूरकच ठरले. त्रैराशिकाचे उदाहरण छापील पुस्तकातून आले काय किंवा पंतोजींच्या तोंडून आले काय, ‘इतक्या मजुरांस इतके दिवस लागले’ हे विधान मुलाने तपासावयाचे नव्हते, ते मान्य करून उत्तर काढावयाचे होते.

३

ह्याच काळात शहराच्या दक्षिण टोकाला एक वेगळी विद्या मूळ धरत होती. ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्यास १८२६ मध्ये वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून, एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार ह्यांच्या देखरेखीखाली, तेथे हवामानाची आणि भूचुंबकत्वाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. ह्या कामात मराठी माणसे आरंभापासून होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी काही काळ वेधशाळेचे काम पाहिले, केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी तर आपली उमेदीची वर्षे तेथेच घालविली. पुढे पुण्यास गणिताचे नामांकित अध्यापक म्हणून त्यांनी जो लौकिक मिळविला, त्याच्या पायात निरीक्षणाच्या नोंदवहीची ही शिस्त होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

नोंदवहीची शिस्त आणि हिशेबाच्या वहीची शिस्त ह्यांत मूलतः भेद आहे. हिशेबाच्या वहीत बेरीज जुळली की काम संपते. निरीक्षणाच्या वहीत जुळविण्यासारखे काही नसते. ठरल्या वेळी, ठरल्या उपकरणाने, ठरल्या पद्धतीने जे दिसेल ते लिहावयाचे आणि ज्या वेळी पाहणे चुकले ती जागा रिकामी ठेवावयाची. लहान मुलांना माहितीसंकलन शिकविताना जे शिकवावयाचे असते, त्याचे सार एवढेच आहे. ह्या दृष्टीने पाहता, १८४० च्या दशकातच मुंबईत ही विद्या मराठी माणसांच्या हाती होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

ती प्राथमिक शाळेपर्यंत पोहोचण्याची एक संधीही आली होती. एल्फिन्स्टन संस्थेच्या तरुणांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि १८४९ मध्ये मुलींसाठी मराठी व गुजराती शाळा काढल्या. ह्या शाळांतून प्रारंभी शिकविणाऱ्या तरुणांत दादाभाई नौरोजी होते. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि सृष्टिविज्ञान ह्या विषयांचे प्राध्यापक झाले. १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपल्या निबंधात त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये असल्याचा हिशेब मांडला. तो हिशेब करताना त्यांनी सरकारी अहवालांतील सरासरीच्या पद्धतीवरच बोट ठेवले, ही गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. लहान-मोठ्या जिल्ह्यांचे दर नुसते एकत्र करून जिल्ह्यांच्या संख्येने भागले, तर जेथे पीक थोडे तेथला दर आणि जेथे पीक अमाप तेथला दर ह्यांना सारखेच वजन मिळते आणि आलेली सरासरी फसवी ठरते. हा आक्षेप घेण्यास उच्च गणित लागत नाही. आकडा कसा तयार झाला हे विचारण्याची सवय लागते. ती सवय असलेला एक अध्यापक मुंबईच्या कन्याशाळेत शिकवून गेला. तथापि शाळेच्या पाठ्यक्रमात ती सवय मागे राहिली नाही. ती राजकीय अर्थशास्त्राकडे वळली.

४

शाळेच्या भिंतीबाहेर मोजणी वाढतच होती. मुंबई शहराची १८६४ ची शिरगणती ८,१६,५६२ इतकी झाली आणि १८७२ च्या शिरगणतीत हा आकडा ६,४४,४०५ वर आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी आणि ती ओसरल्यावर आलेली मंदी ह्या दोन आकड्यांच्या मध्ये उभी आहे. दोन स्तंभांचा एक साधा आलेख काढला, तरी शहराच्या अर्थव्यवहाराची एक भरती-ओहोटी त्यात दिसते.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर मोजणी घराघरांत शिरली. परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली. हीच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९०५ नंतरच्या काळात येथील संशोधकांनी शहराच्या निरनिराळ्या भागांतून आणलेले उंदीर तपासून त्यांच्या मृत्यूंचा आणि माणसांच्या मृत्यूंचा कालक्रम वक्ररेषांनी मांडला. आधी गटारांत राहणाऱ्या उंदरांची साथ चढते, तिच्या मागून घरात राहणाऱ्या काळ्या उंदरांची आणि काही दिवसांनी माणसांची, असा क्रम त्या रेषांत स्पष्ट दिसला. नुसत्या आकड्यांच्या ढिगातून जो कार्यकारणभाव हाती आला नसता, तो आलेखाने डोळ्यांपुढे उभा केला. आलेखाच्या सामर्थ्याचे ह्याहून बोलके उदाहरण मुंबईच्या इतिहासात मिळणे कठीण आहे. परंतु ज्या चाळींतून ते उंदीर उचलले गेले, त्या चाळींतील मुलांच्या दृष्टीने मोजणी म्हणजे दारावर येणारा अधिकारी, झडती आणि स्थलांतर होय.

पुढच्या पिढीचा अनुभव फारसा निराळा नव्हता. १९११ च्या शिरगणतीनुसार शहरातील सुमारे ६९ टक्के लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते. मुंबई सरकारच्या मजूर खात्याने १९२१-२२ मध्ये कामगारवर्गातील सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास ह्यांच्या नावाने तिचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. १९२१ मध्ये बालमृत्यूंचे नोंदलेले प्रमाण हजार जन्मांमागे ६६६ इतके भयंकर होते. ह्या शेवटच्या आकड्याबाबत त्या काळीच एक आक्षेप नोंदविला गेला. कोकणातून आलेल्या कामगारांच्या स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. त्यामुळे जन्म गावी होई आणि मूल मुंबईत परतल्यावर दगावले तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत येई. अशा रीतीने भागाकारातील छेद लहान आणि अंश मोठा होऊन प्रमाण फुगत असे. प्रमाण फुगलेले होते म्हणून परिस्थिती भीषण नव्हती, असा ह्याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, लालबाग-परळमधील कोणत्याही बाईला जी गोष्ट ठाऊक होती, ती कळल्यावाचून आकडा वाचता येत नव्हता. मोजल्या जाणाऱ्यांपाशी असलेले ज्ञान मोजणाऱ्यांच्या वहीत नव्हते, आणि दोहोंना जोडणारा दुवा, म्हणजे शाळा, ह्या कामी उपयोगात आलेली नव्हती.

हे अधिकच खटकते, कारण शाळा तेथे येत होती. मुंबई महानगरपालिकेने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ १९२५ मध्ये केला तो एफ आणि जी ह्या विभागांतून, म्हणजे परळ, दादर, वरळी ह्या गिरणगावाच्या पट्ट्यातूनच. मूल शाळेत आले. त्याच्या हजेरीचा आकडा रोज वहीत पडू लागला. त्याच्या स्वतःच्या हातात मात्र वही आली ती उदाहरणे उतरवून घेण्यासाठी.

५

आलेखाचा शाळेतील प्रवेश ह्याहून वेगळ्या वाटेने झाला आणि त्या वाटेनेही हानीच केली. विल्यम प्लेफेअर ह्याने १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांसाठी रेषालेख आणि स्तंभालेख वापरले तेव्हा आलेख हे माहितीचे चित्र होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे आकृतीने दाखविली, तीही त्याच परंपरेत. परंतु शाळेत आलेख आला तो बीजगणिताच्या दारातून. इंग्लंडमध्ये जॉन पेरी ह्यांनी १९०१ च्या सुमारास गणिताच्या अध्यापनात चौकटीच्या कागदाचा पुरस्कार केला. त्यांचा भर प्रयोगातून आलेल्या आकड्यांवर होता. माध्यमिक शाळांनी मात्र त्यातून समीकरणाची रेषा काढण्याचे तंत्र तेवढे उचलले. हिंदुस्थानातील शाळाही त्याच मार्गाने गेल्या. परिणामी आलेख हा वरच्या वर्गातील, सूत्रावरून काढावयाचा आणि परीक्षेत गुण देणारा प्रकार ठरला. माहिती आणि आलेख ह्यांची ताटातूट झाली आणि प्राथमिक शिक्षकाला हा विषय आपला वाटेनासा झाला.

इंग्लंडमध्ये ही ताटातूट १९६० नंतर दूर करण्याचा प्रयत्न झाला. १९६४ मध्ये सुरू झालेल्या नफील्ड गणित प्रकल्पाने शिक्षकांसाठी जी मार्गदर्शक पुस्तके काढली, त्यांतील एक संपूर्ण पुस्तक चित्ररूप मांडणीवर होते. रिकाम्या आगपेट्यांचे मनोरे रचून वर्गातील मुलांच्या आवडीनिवडी दाखविण्यासारखे उपक्रम त्या काळात रूढ झाले. म्हणजे आलेख हा विषय उतरत्या क्रमाने नव्हे, तर चढत्या क्रमाने, वस्तूकडून चित्राकडे आणि चित्राकडून रेषेकडे, शिकविता येतो ही जाणीव तेथेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच दृढ झाली.

६

मुंबईत ह्या चढत्या क्रमाची पूर्वतयारी गणिताच्या नव्हे, तर बालशिक्षणाच्या चळवळीने केली होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ह्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि ताराबाईंनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केला. माँटेसोरी पद्धतीच्या साधनांत दहा लाल-निळ्या दांड्यांचा एक संच असतो. पहिला दहा सेंटिमीटर लांबीचा, शेवटचा एक मीटरचा. मूल ते दांडे एका बाजूने जुळवून ओळीने मांडते, तेव्हा पायऱ्यांची जी आकृती तयार होते, तीत स्तंभालेखाची सर्व अंगे हजर असतात. समान आधाररेषा आहे, समान एकक आहे आणि संख्या उंचीने दाखविली आहे. वस्तूंचे वर्गीकरण करणे, क्रम लावणे, एकास एक जोडी जुळविणे ह्या क्रियाही तेथे रोज होत. आलेखासाठी लागणारी मनाची घडण दादरच्या त्या बालवर्गात होत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. उणीव एवढीच की, बालवर्ग संपून मूल पहिलीत गेले की ही साधने सुटत आणि पाटीवरचे पाढे सुरू होत.

दुसरा प्रयत्न वर्धा योजनेचा. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगाच्या शिक्षणाची रूपरेषा आखली आणि बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई इलाख्यात तिला चालना दिली. टकळीवर कातणाऱ्या मुलाला आपले सूत रोज मोजावे लागे. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. आकडा येथे प्रथमच मुलाच्या स्वतःच्या हातून निर्माण झाला. काल किती तार, आज किती, पावसाळी हवेत धागा अधिक तुटला काय, असे प्रश्न त्यातून सहज निघू शकत होते. परंतु उत्पादनाचा हिशेब हा योजनेचा आर्थिक कणा असल्याने नोंदीचा ओढा पुन्हा जमाखर्चाकडेच राहिला. शिवाय ज्या परळमध्ये हजारो चात्यांवर सूत निघत होते, तेथल्या मुलाला टकळी हे आपल्या जीवनाचे साधन वाटणे अवघड होते. योजना खेड्यासाठी आखलेली होती. गिरणगावाच्या जीवनातून निघणारी मोजणी तिने सुचविली नाही.

७

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस ह्या इतिहासाला नवे वळण मिळाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही वैज्ञानिक मुंबईच्या म्युनिसिपल शाळांतून विज्ञान शिकविण्याच्या कामाकडे वळले. त्यांत यश पाल आणि वि. गो. कुलकर्णी हे प्रमुख होते. बा. गो. पित्रे ह्यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या, प्रयोगातून पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या अभ्यासक्रमाचा त्यांनी ह्या शाळांत उपयोग केला. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांतून जो प्रसिद्ध विज्ञानशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याच्याशीही ह्या मुंबईतील अनुभवाचा संबंध होता. १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्याचा संसार गिरगावाला लागून असलेल्या नाना चौकातील म्युनिसिपल शाळेच्या इमारतीत मांडला गेला. पुढे केंद्र मानखुर्दला गेले.

संशोधनसंस्थेने शाळेच्या इमारतीत राहावयास यावे, ही घटना सोयीची म्हणून घडली असेल. तिचा परिणाम मात्र विचारांवर झाला. म्युनिसिपल शाळेतील मूल मागे का पडते, ह्याचा शोध तेथे आकड्यांनी आणि प्रत्यक्ष सहवासाने घेतला गेला. १९८० नंतर दलित समाजातील म्युनिसिपल शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी चालविलेल्या उपक्रमातून वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर ह्यांनी दाखवून दिले की, ह्या मुलांची उणीव बुद्धीची नसून संधीची आहे आणि पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हाही एक मोठा अडसर आहे. आलेखाच्या अध्यापनाला ही दुसरी गोष्ट विशेष लागू पडते. ‘वारंवारता’, ‘अक्ष’, ‘प्रमाण’ हे शब्द आधी आणि मोजण्याची कृती नंतर, असा क्रम ठेवला तर मूल शब्दांशीच अडखळते. कृती आधी घडली, तर शब्द तिच्यामागून निमूटपणे येतात. जयश्री रामदास ह्यांनी केंद्रात सिद्ध केलेल्या प्राथमिक विज्ञानाच्या पुस्तकमालेत हा क्रम पाळला गेला. मुलाने स्वतः पाहावे, मोजावे, विचारावे आणि टिपावे, ह्यावर तिची उभारणी आहे.

८

अभ्यासक्रमाने ही दिशा स्वीकारण्यास आणखी काळ जावा लागला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे असे सांगितले; १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या पुस्तकांतून चित्रालेख, स्तंभालेख, ताळ्याच्या खुणा हे शब्द मराठी मुलांच्या परिचयाचे झाले. माहितीची हाताळणी हा प्राथमिक गणिताचा स्वतंत्र घटक आहे, ही भूमिका २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ठळक केली आणि त्यानंतर राष्ट्रीय परिषदेने काढलेल्या तिसरी ते पाचवीच्या पुस्तकांत त्यासाठी एकेक पाठ राखून ठेवण्यात आला.

तथापि पाठ आला म्हणजे विद्या आली, असे नव्हे. पाठ्यपुस्तकात बहुधा तयार कोष्टक दिलेले असते आणि मुलाने त्यावरून स्तंभ रंगवावयाचे असतात. अशा वेळी त्रैराशिकाचेच जुने नाते पुन्हा प्रस्थापित होते. आकडा दिलेला, काम पुढचे. ह्या विद्येचा गाभा स्तंभ रंगविण्यात नसून त्याआधीच्या तीन निर्णयांत आहे. कोणता प्रश्न विचारावयाचा, एक म्हणून काय मोजावयाचे, आणि कोणती वस्तू कोणत्या गटात घालावयाची. दादरच्या पुलाखाली पहाटे भरणाऱ्या फुलबाजारात किती प्रकारची फुले येतात, असे विचारले की मुलांत लगेच वाद सुरू होतो. पिवळा झेंडू आणि केशरी झेंडू हे दोन प्रकार की एक? त्या वादाचा निकाल लागल्याशिवाय पहिली खूण करता येत नाही. आणि निकाल पुस्तकात नसतो, तो वर्गाने ठरवावयाचा असतो.

पुढचा टप्पा मांडणीचा. सहा-सात वर्षांच्या मुलांनी प्रथम खऱ्याच वस्तू ओळीने ठेवाव्यात. वस्तू लहान-मोठ्या असल्या की चार मोठ्या वस्तूंची ओळ सहा लहान वस्तूंच्या ओळीहून लांब दिसते आणि समान जागेची आवश्यकता मुलांना न सांगता पटते. मग प्रत्येक वस्तूमागे एक आगपेटी, त्यानंतर चौकटीच्या कागदावर एक घर, आणि आकडे मोठे झाले की एका घरामागे पाच किंवा दहा. प्रमाणाची कल्पना ह्या शेवटच्या पायरीवर गरजेतून जन्मते. ती आरंभीच शिकविली तर केवळ नियम उरतो.

कुलाब्याच्या परंपरेचाही येथे उपयोग आहे. ५ जुलै १९७४ रोजी कुलाबा येथे चोवीस तासांत ५७५.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटर. ‘मुंबईत किती पाऊस पडला?’ ह्या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हते. शाळेच्या गच्चीवर सरळ बाजूंचे डबे ठेवून गिरगावातील आणि परळमधील मुलांनी आपापला पाऊस मोजला, तर आकडा हा मोजण्याच्या जागेशी बांधलेला असतो हे त्यांना दहाव्या वर्षीच कळेल. १९२१ च्या बालमृत्यूच्या प्रमाणावर घेतलेल्या आक्षेपाचे बीज ह्यापेक्षा निराळे नाही.

प्रश्नांच्या निवडीत एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. ‘तुमच्या घरात खोल्या किती?’ किंवा ‘वडिलांची मिळकत किती?’ असले प्रश्न वर्गात विचारून त्यांचा आलेख फळ्यावर काढणे म्हणजे शिरगणतीच्या अधिकाऱ्याची भूमिका मुलांनी एकमेकांवर वठविणे होय. त्यात ज्याचा स्तंभ आखूड, त्याची मानखंडना ठरलेली. मोजणी घराच्या आत डोकावणारी नसावी. सर्वांच्या समाईक जीवनाकडे पाहणारी असावी. चाळीच्या नळाला पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले, ह्याची महिनाभराची नोंद हे अशा मोजणीचे उत्तम उदाहरण होय. ती नोंद कोणाला कमी लेखत नाही, तिच्यासाठी घड्याळाखेरीज साधन लागत नाही, आणि महिनाअखेर तयार होणारा आलेख मुलाखेरीज इतरांच्याही उपयोगी पडू शकतो. चाळीच्या पाण्याबद्दल तक्रार सर्वच करतात. तीस दिवसांची नोंद हाती असलेल्या माणसाचे म्हणणे मात्र सहसा डावलता येत नाही.

९

ह्या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, लहान मुलांना माहितीसंकलन शिकविण्याची कल्पना मुंबईस परकी नाही. तिची निरनिराळी अंगे निरनिराळ्या काळी ह्याच शहरात सिद्ध झालेली होती. निरीक्षणाची शिस्त कुलाब्यास होती, आकड्याची चिकित्सा दादाभाईंपाशी होती, आलेखाचे सामर्थ्य परळच्या प्रयोगशाळेत प्रकट झाले होते आणि बालमनाची पूर्वतयारी दादरच्या शिशुविहारात होत होती. ही अंगे एकमेकांस भेटली नाहीत, कारण प्रत्येकीचा मुक्काम समाजाच्या निराळ्या थरात होता. दुसरा असा की, ती जेव्हा एकत्र येऊ लागली, तेव्हा संशोधक म्युनिसिपल शाळेच्या इमारतीत आलेले होते. अभ्यासक्रमातील बदलाआधी हा स्थलांतराचा बदल घडला, ह्या क्रमाची नोंद शिक्षणाच्या इतिहासकारांनी घ्यावयास हवी.

तिसरा निष्कर्ष वर्तमानाविषयीचा आहे. गिरणगावाचे रूप पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले आणि त्या जागी मनोरे उभे राहिले. माणसांची मोजणी मात्र थांबलेली नाही. ती आता पूर्वीपेक्षा सूक्ष्म आणि अदृश्य झाली आहे. अशा काळात स्तंभालेख रंगविता येणे ही अल्पशी गोष्ट आहे. हा आकडा कोणी मोजला, कोठे उभे राहून मोजला आणि त्यात कोण सुटले, हे विचारण्याची सवय ज्या मुलाला चौथीच्या आत लागली, त्याच्यापुढे पुढील आयुष्यात कोणताही आकडा निव्वळ हुकूम म्हणून उभा राहणार नाही. प्राथमिक शाळेतील ह्या छोट्याशा पाठाचे महत्त्व ह्या कसोटीवर ठरवावयाचे आहे.